'यो गुस्तो' नाही, 'मे गुस्ता': स्पॅनिशमध्ये आवडीनिवडी सांगायच्या तर मधून इंग्लिश काढून टाक

प्रश्न असा आलाय: "मॅडम, मी इंदूरची, घरी मराठी पण शाळा सगळी इंग्लिश मीडियम. तीन महिने झाले अ‍ॅपवरून आणि एका इंग्लिश पुस्तकातून स्पॅनिश शिकतेय. आय लाइक कॉफीचं मी 'यो गुस्तो काफे' केलं तर ते चूक, म्हणे 'मे गुस्ता एल काफे' पाहिजे. पुस्तकात लिहिलंय की हे क्रियापद उलटं चालतं, 'कॉफी मला खूश करते' असा विचार करा. बोलताना प्रत्येक वाक्य मनात उलटं करत बसावं लागतं आणि तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. आवडतं, नाही आवडत, हे पटापट बोलायची काही पद्धत आहे का? पुढच्या महिन्यात एका स्पॅनिश प्रोसेसचा, म्हणजे कॉल सेंटरमधल्या स्पॅनिश कामाचा, इंटरव्ह्यू आहे."

मी तुला 'तू'च म्हणते, चालेल ना. मी चौदा वर्षं इंदुरात स्पॅनिश शिकवतेय, त्याच्या आधी तीन वर्षं मेक्सिकोच्या कॉल्सवर बसलेली आहे, आणि हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये तिसऱ्या आठवड्यात येतोच येतो. गंमत म्हणजे विचारणारे निम्मे तरी मराठी घरातले असतात, राजेंद्र नगर, लोकमान्य नगरकडचे, आणि उत्तर त्यांच्याच तोंडात असतं.

आता मोठ्याने म्हण: मला कॉफी आवडते.

काय उलटं आहे यात? तू 'मी कॉफी आवडते' म्हणतेस का कधी? मग 'यो गुस्तो काफे' तरी कसं म्हणशील, कारण ते अगदी तेच आहे, 'मी आवडते कॉफी'. 'मे' म्हणजे मला, 'गुस्ता' म्हणजे आवडते, 'एल काफे' म्हणजे कॉफी. संपलं. तुझं पुस्तक इंग्लिश बोलणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे, त्यांच्याकडे 'आय' हा कर्ता धरून बसलेला असतो म्हणून त्यांना दहा पानं समजावावं लागतं की बाबांनो इथे आवडणारी वस्तू कर्ता आहे आणि तुम्ही नुसते 'मला' आहात. त्यांच्यासाठी ते उलटं. आपल्यासाठी सुलटं आहे आणि आपण उगाच त्यांच्या दारातून आत शिरतोय, आधी सरळ वाक्य इंग्लिशमध्ये नेऊन उलटं करायचं, मग पुस्तकाचं ऐकून पुन्हा उलटं करायचं. डोकं फिरणारच. (इंग्लिशसुद्धा पूर्वी असंच होतं हं, जुन्या इंग्लिशमध्ये 'लाइक'चं मूळ क्रियापद 'आवडणे'सारखंच चालायचं, 'इट लाइक्स मी' अशा थाटात. पुढे ते बदललं.)

शाळेत संस्कृत होतं का तुला? असेल तर 'रुच् धातूच्या योगात चतुर्थी' हे घोकलं असशील, बालकाय मोदकः रोचते. पाणिनीचं सूत्रच आहे, रुच्यर्थानां प्रीयमाणः, म्हणजे ज्याला आवडतं त्याची चतुर्थी. आणि 'गुस्तार' हे क्रियापद लॅटिनमधल्या 'चाखणे' या अर्थाच्या शब्दावरून आलंय, तर आपलं 'रुचणे' हे रुचीशी बांधलेलं, म्हणजे चवीशीच. मला तर 'गुस्तार'चं खरं मराठी 'रुचणे' हेच वाटतं, फक्त रोज कोणी बोलत नाही म्हणून 'आवडणे' म्हणायचं. माझ्या एका बॅचमध्ये एक निवृत्त संस्कृतचे सर होते, बासष्ट वर्षांचे, नातवंडं स्पेनला म्हणून शिकायला आलेले, ते पहिल्याच दिवशी म्हणाले "अहो ही तर चतुर्थी आहे" आणि सगळ्या कॉलेजच्या पोरांच्या पुढे निघून गेले.

बरं, आता एकेक बघू.

मला म्हणजे मे, तुला म्हणजे ते, त्याला-तिला-तुम्हाला म्हणजे ले, आम्हाला-आपल्याला म्हणजे नोस, त्यांना आणि तुम्हा सगळ्यांना म्हणजे लेस. स्पेनमध्ये मित्रमंडळींच्या घोळक्याला 'ओस' म्हणतात, मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना कुठेच ते नाही, तिथे लेसच. तुझा इंटरव्ह्यू प्रोसेसचा आहे म्हणजे बहुतेक मेक्सिको नाहीतर लॅटिन अमेरिकेचे कॉल, ओस ओळखता आलं तरी पुरे, बोलू नको.

आणि क्रियापदाचं रूप? दोनच. एक वस्तू असेल तर गुस्ता, अनेक असतील तर गुस्तान. मराठीत तुला आंबा आवडतो, जिलबी आवडते, आइस्क्रीम आवडतं, पोहे आवडतात अशी चार रूपं सांभाळावी लागतात आणि तू ती झोपेतही चुकत नाहीस. स्पॅनिशला लिंगाशी देणंघेणं नाही, फक्त एक की अनेक. 'तात' आलं की शेवटी न लाव. लोस पेर्रोस म्हणजे कुत्रे, मे गुस्तान लोस पेर्रोस. इंग्लिशमधून येणारा हमखास 'मे गुस्ता लोस पेर्रोस' म्हणतो कारण त्याच्या डोक्यात आवडणारा एकटा 'आय' असतो. मराठीतून येणारा म्हणूच शकत नाही, 'मला कुत्रे आवडतो' हे कानालाच खटकतं.

क्रिया आवडत असेल तर नेहमी गुस्ता, कितीही क्रिया असोत. मे गुस्ता बाइलार इ कान्तार, मला नाचायला आणि गायला आवडतं. मराठीतही बघ, 'आवडतं'च येतं, 'आवडतात' नाही.

इथपर्यंत मराठी तुझी सख्खी बहीण. पण बहीणच कधीकधी गोत्यात आणते, आणि ते कोणत्याच पुस्तकात नाही कारण पुस्तकं आपल्यासाठी लिहिलेलीच नाहीत, म्हणून तिथे जरा थांबते.

पहिलं, एकवचन-अनेकवचन स्पॅनिशचं बघायचं, मराठीचं नाही. 'मला तुझे केस आवडतात' यात केस अनेक, पण स्पॅनिशमध्ये 'पेलो' एकवचनी, म्हणून मे गुस्ता तु पेलो. 'मला इथले लोक आवडतात', तिथे 'ला हेन्ते' एकवचनी, म्हणून मे गुस्ता ला हेन्ते दे आकी. उलट सुट्टी आपल्याकडे एक, त्यांच्याकडे 'लास बाकासिओनेस' अनेक, म्हणून मे गुस्तान लास बाकासिओनेस. आणि पोह्यांचं काय, तर दर वर्षी वर्गात यावर भांडण होतं, मी म्हणते शब्दच त्यांचा नाही, 'एल पोहा' म्हणा आणि गुस्ता लावा, विषय संपवा.

दुसरं, ते 'एल' आणि 'ला'. मराठीला आर्टिकल माहीतच नाही, त्यात इंग्लिशमध्येही 'आय लाइक कॉफी', 'द' नाही, म्हणजे दोन्हीकडून फसणार. स्पॅनिशमध्ये एखादी गोष्ट एकूणात आवडते म्हणताना आर्टिकल लागतंच: मे गुस्ता एल काफे, मे गुस्ता ला मुसिका, मे गुस्तान लास उबास. माझ्याकडच्या वह्यांमध्ये लाल पेन सगळ्यात जास्त याच्यावर चालतं. शब्द पाठ करताना 'काफे' पाठ करूच नको, 'एल काफे' असा जोडूनच पाठ कर, जसं आपण जोडून 'ती खुर्ची, तो पंखा' म्हणतो तसं.

तिसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं: 'आईला चहा आवडतो' याचं तू करशील 'आ मि मामा गुस्ता एल ते'. अर्धंच आहे. पाहिजे आ मि मामा ले गुस्ता एल ते. म्हणजे 'आईला, तिला, आवडतो चहा'. तो ले काढता येत नाही, नाव घेतलं तरी तो राहतोच. आपल्याला ते पुनरुक्तीसारखं वाटतं, पण घरातल्या आजीचं बोलणं आठव, "त्या बाळूला ना, त्याला काही कारलं आवडत नाही बघ." बस्स, स्पॅनिश कायम आजीसारखं बोलतं. आणि ले हा त्याला, तिला, तुम्हाला सगळ्यांना एकच असल्यामुळे घोळ होतो म्हणूनच पुढे आ एल, आ एया, आ उस्तेद असं सांगावं लागतं.

याच्यातच एक मजेदार खड्डा आहे. 'मलाच' असा जोर द्यायचा असेल तर आ मी मे गुस्ता. तो 'मी' ऐकला की मराठी डोकं म्हणतं, हा 'मी' म्हणजे आपला मी, कर्ता. नाही. त्यांचा मी म्हणजे 'मला'तला म, लॅटिन 'मिही'वरून आलेला, जो आपल्या संस्कृतच्या 'मह्यम्'चा लांबचा भाऊ आहे. आपला 'मी' म्हणजे त्यांचा 'यो'. हे एकदा कागदावर लिहून आरशाला चिकटव.

मग कोणी म्हणालं "आ मी मे गुस्ता एल फुत्बोल" आणि तुलाही आवडतो, तर इंग्लिशवाला "यो ताम्बिएन" म्हणून मोकळा होतो आणि तिथेच पकडला जातो. तू मराठीत विचार कर, 'मीपण' म्हणशील का 'मलापण'? मलापण. म्हणून आ मी ताम्बिएन. दोघांनाही आवडत नसेल तर 'मलापण नाही', आ मी ताम्पोको. त्याला आवडतं, तुला नाही: आ मी नो. त्याला आवडत नाही, तुला मात्र आवडतं: आ मी सी. या चार उत्तरांवर एक अख्खा तास घालवते मी, बाकी सगळं विसरलं तरी चालेल पण ही चार तोंडात बसली पाहिजेत, कारण गप्पा यावरच चालतात, लांबलचक वाक्यांवर नाही.

नकार: नो मे गुस्ता. नो सगळ्यात पुढे. 'मला नाही आवडत' डोक्यात ठेवून 'मे नो गुस्ता' म्हणणारे खूप, ते टाळायचं तर रुसलेलं पोर कसं बोलतं ते आठव, "नाही मला आवडत ते!" हाच तो क्रम. अजिबात आवडत नसेल तर शेवटी नादा: नो मे गुस्ता नादा. फारसं नाही तर नो मे गुस्ता मुचो. आणि इथे 'खूप'चा गोंधळ सांभाळ, आपल्याकडे 'खूप छान' आणि 'खूप आवडतं' दोन्हीला एकच खूप, त्यांच्याकडे विशेषणाला मुय आणि क्रियापदाला मुचो. मे गुस्ता मुचो. मे गुस्ता मुय कधीच नाही.

मुचोच्याही वर जायचं तर मे एनकान्ता, म्हणजे जाम आवडतं, जीव आहे त्याच्यावर. त्याला पुन्हा मुचो लावू नको, एनकान्तामध्ये मुचो आधीच आहे. चालतं सगळं गुस्तासारखंच, एनकान्ता, एनकान्तान. ना आवडतं ना नावडतं असं असेल तर स्पेनमध्ये एक झकास प्रकार आहे, नि फू नि फा. आपलं 'ठीकच आहे, चालतंय'.

उच्चाराचं एक वाक्यात सांगते, तो त आपला दातांवरचा त आहे, ट नाही, गुस्ता म्हण गुस्टा नको, इंग्लिशवाल्यांना हा त शिकायला महिने लागतात, आपल्याला फुकट मिळालाय.

आता माझी स्वतःची फजिती सांगते कारण त्यातून जे कळलं ते कुठल्या तक्त्यातून कळत नाही. नोकरीचं पहिलं वर्ष, मेक्सिकोचे एक वयस्कर सुपरवायझर होते, फोनवरच ओळख, फार सांभाळून घ्यायचे. त्यांचा आमच्या टीमबरोबरचा शेवटचा दिवस. सगळे एकेक वाक्य बोलत होते, मी आदल्या रात्री तयारी केलेली, मनात इंग्लिश 'आय लाइक यू व्हेरी मच, सर'. आणि स्पीकरवर, बारा जणांच्या समोर, मी ठणठणीत आवाजात म्हटलं "उस्तेद मे गुस्ता मुचो". तिकडे दोन सेकंद शांतता. मग ते हसले, म्हणाले ग्रासिआस, बायकोला सांगतो. मला काही कळेना. संध्याकाळी एका सीनियरने समजावलं की माणसाबद्दल 'मे गुस्ता' म्हटलं की ऐकणाऱ्याला ते प्रेमातलं वाटतं.

घरी जाताना टेम्पोत बसल्याबसल्या ट्यूब पेटली. मी मराठीत त्यांना काय म्हटलं असतं? 'सर, तुम्ही मला खूप आवडता' असं बॉसला? मेले असते पण म्हटलं नसतं! मराठीतही 'तू मला आवडतोस' याला एक वेगळाच वास आहे, सिनेमात नायिका म्हणते तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडतात. म्हणजे मराठीने मला सावध केलंच असतं, मीच तिला बाजूला सारून इंग्लिशचं बोट धरून गेले होते. त्या दिवसापासून मी हे असं शिकवते.

मग माणूस चांगला वाटतो याला काय? मे काए बिएन. शब्दशः 'मला चांगला पडतो', पण अर्थ 'माझं त्याच्याशी जमतं, बरा वाटतो मला'. जमत नसेल तर मे काए माल, म्हणजे डोक्यात जातो. त्या सुपरवायझरना म्हणायला हवं होतं, उस्तेद मे काए मुय बिएन. इंटरव्ह्यूमध्ये जुन्या बॉसबद्दल, टीमबद्दल विचारतात तेव्हा हेच वापर, गुस्ता नको.

आणि हो, आता 'यो गुस्तो'वर परत येऊ, ते अगदी अर्थहीन नाहीये. 'ले गुस्तो' म्हणजे 'मी त्याला आवडते'. मराठीत कसं, मी आवडते, तू आवडतोस, कर्ता बदलला की रूप बदलतं, तसंच तिथे गुस्तो, गुस्तास. म्हणजे तू जेव्हा 'यो गुस्तो काफे' म्हणत होतीस तेव्हा काहीसं 'मी आवडते' असं जाहीर करून पुढे कॉफी अशीच सोडून देत होतीस. तुला आता हसू येईल, आलं पाहिजे, एकदा हसू आलं की ती चूक परत होत नाही.

भूतकाळावर मी थोडी जास्त बोलणार आहे कारण इथे मराठीवाल्याची लॉटरी आहे आणि त्याला पत्ताच नसतो. इंग्लिशमध्ये 'आय लाइक्ड' एकच. स्पॅनिशमध्ये दोन, मे गुस्तो आणि मे गुस्ताबा, आणि इंग्लिशवाले यावर वर्षानुवर्षं रडतात. तुला विचारते, काल पाहिलेला सिनेमा 'आवडला' म्हणशील की 'आवडायचा'? आवडला. लहानपणी थंडीत सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) 'आवडले' की 'आवडायचे'? आवडायचे. झालं. आवडला म्हणजे मे गुस्तो, आवडायचा म्हणजे मे गुस्ताबा, अनेक असतील तर गुस्तारोन आणि गुस्ताबान. मे गुस्तो ला पेलिकुला. दे निन्या मे गुस्ताबा एल चोकोलाते. एवढं नेमकं जुळणारं मला दोन भाषांमध्ये दुसरं फार कमी सापडलंय. फक्त एक, 'मे गुस्तो' भूतकाळात म्हणताना जोर शेवटच्या 'तो'वर दे, नाहीतर जोर 'गुस्'वर पडला की अर्थ होतो 'मी मलाच आवडते'. एका मुलीने मॉक इंटरव्ह्यूत 'आधीची नोकरी आवडली का' याला डोळे मिटून हेच उत्तर दिलं होतं, जोर चुकीच्या जागी, आणि खरं सांगायचं तर ती तशीच होती थोडी.

'आवडेल'ही जुळतं. मे गुस्तारीआ, मला आवडेल, जोर 'री'वर. मे गुस्तारीआ त्राबाखार आकी, मला इथे काम करायला आवडेल. हे वाक्य इंटरव्ह्यूसाठी घासून पुसून ठेव.

पण 'पाहिजे'? इथे मराठी दगा देते. 'मला कॉफी पाहिजे', 'मला हवंय', आपल्याला सगळीकडे मला-मला करायची सवय, गुस्ता शिकल्यावर पोरं इतकी खूश होतात की सगळ्याला मे लावत सुटतात आणि म्हणतात 'मे किएरे काफे'. मे किएरे म्हणजे 'तो माझ्यावर प्रेम करतो'. पाहिजेला किएरो, साधा मी-कर्ता, किएरो उन काफे. तसंच 'मला माहितीये' हे से, 'मला भूक लागलीये' हे तेंगो आम्ब्रे, 'मला जास्त आवडतं, त्यापेक्षा हे बरं' म्हणायला प्रेफिएरो, 'तिरस्कार आहे' ओदियो, 'सहनच होत नाही' नो सोपोर्तो, इथे कुठेच मे नाही, सगळीकडे यो लपलेला आहे. हा एवढाच गट वेगळा पाठ कर.

उलट हे बघ कसे अलगद बसतात. मे मोलेस्ता, मला त्रास होतो, खटकतं. मे इन्तेरेसा, मला त्यात रस वाटतो. मे दा आस्को, मला किळस येते. मे दा मिएदो, मला भीती वाटते. मे दा बेर्ग्वेन्सा, लाज वाटते. मे पारेसे, मला वाटतं. मे दुएले ला काबेसा, आणि इथे सांभाळ, आपण 'माझं डोकं दुखतंय' म्हणतो, ते 'मला डोकं दुखतंय' म्हणतात, 'मि काबेसा' करू नको. 'मे दिस्गुस्ता' दिसलं तर इंग्लिशचं डिस्गस्ट समजू नको, त्याचा अर्थ नुसता 'मला रुचत नाही', आणि स्पेनमधला माणूस नो मे दिस्गुस्ता म्हणाला तर ती स्तुती आहे, आपल्या 'वाईट नाही हं' सारखी.

देशादेशांचं थोडंसं. मेक्सिकोत मे चोका ऐकशील, म्हणजे मला वैताग येतो त्याचा, अजिबात आवडत नाही, कस्टमर असं म्हणाला की समजायचं तापलाय. तिथेच ते लाते? असं विचारतात, म्हणजे 'पटतंय का?', आणि आपलं 'पटणं'सुद्धा मला-तुलाचंच आहे बघ. स्पेनमध्ये तरुण मंडळी मे मोला म्हणतात, भारी वाटतं या अर्थी. खायची इच्छा झाली तर स्पेनमध्ये मे आपेतेसे, मेक्सिकोत से मे आन्तोहा, आपलं 'खावंसं वाटतंय'. आन्तोहो म्हणजे तीव्र इच्छा, गरोदर बाईच्या डोहाळ्यांनाही हाच शब्द, आणि मेक्सिकोतल्या रस्त्यावरच्या खाण्याला म्हणतात आन्तोहितोस. मी वर्गात सांगते की रात्री दहानंतरचा अख्खा सराफा म्हणजे आन्तोहितोस.

तिथलीच एक गोष्ट, न आवडण्याची. मेक्सिकोची एक पाहुणी आली होती, आम्ही तिला सराफ्यात फिरवलं. गराडूवर जीरावन मसाला भुरभुरून दिला, तर पहिल्या घासाला मे एनकान्ता, डोळे विस्फारून. तिखटाची तिला काय भीती, मेक्सिकोची ती. मग भुट्ट्याचा कीस. हे मात्र तिला झेपेना, मका तिच्या घरचा पण दुधात शिजवलेला आणि वर हिंग-मोहरी, हा प्रकार नवा. तिने 'नो मे गुस्ता' म्हटलं नाही. म्हणाली, "एस के... एस्तोय मुय येना." एस के म्हणजे आपलं 'त्याचं काय आहे ना...', आणि पुढे, माझं पोट भरलंय. मी हसले, म्हटलं अगदी माझ्या मावशीसारखं बोललीस. पाच मिनिटांनी तीच पोट भरलेली बाई मोठी जिलबी खात होती. तर समोरच्याने प्रेमाने काही दिलं असेल तर थेट नो मे गुस्ता नको, एस के लावून सुरू कर. क्लायंटबरोबरसुद्धा.

'मला आवडतं की तू...' असं दुसऱ्याच्या कृतीबद्दल असेल तर मे गुस्ता के आणि पुढे क्रियापदाचं वेगळंच रूप येतं, ते आत्ता सोड, इंटरव्ह्यूला लागणार नाही.

इंटरव्ह्यूत हमखास विचारतात, के ते गुस्ता आसेर एन तु तिएम्पो लिब्रे, रिकाम्या वेळात काय करायला आवडतं. दिल्लीच्या सेर्वान्तेस इन्स्टिट्यूटमधून पुढे डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची ए-वन, म्हणजे पहिली पायरी, द्यायची झाली तर तिथेही तोंडीत स्वतःबद्दल हेच बोलावं लागतं, तेव्हा तयारी वाया जात नाही. सगळे जण तेच ठरलेलं म्हणतात, मे गुस्ता लेएर, मे गुस्ता एस्कुचार मुसिका, घेणारा जांभया देतो. तू हे बघ, माझ्या एका विद्यार्थिनीने असं काहीतरी बांधलं होतं, तुझ्या घरचं घालून बदल:

"मे गुस्ता कोसिनार. आ मि आबुएला ले एनकान्ता एल ते, पेरो आ मी नो, यो प्रेफिएरो एल काफे. दे निन्या नो मे गुस्ताबान लास बेर्दुरास, आओरा सी. नो मे गुस्ता नादा एल त्राफिको दे इन्दोर."

मला स्वयंपाक करायला आवडतं, आजीला चहा जाम आवडतो पण मला नाही, मला कॉफी बरी, लहानपणी भाज्या आवडायच्या नाहीत, आता आवडतात, आणि इंदूरचा ट्रॅफिक अजिबात आवडत नाही. चार वाक्यांत गुस्ता, ले, आ मी नो, प्रेफिएरो, गुस्ताबान, नादा, सगळं येऊन गेलं. ट्रॅफिकवर समोरचे हसले आणि त्यातला एक जण म्हणाला "आ मी ताम्पोको", मग पुढची दहा मिनिटं विजय नगर चौकावरच गेली.

तुझ्या चार-पाच ओळी आधी मराठीत लिही, मग थेट स्पॅनिशमध्ये आण, आणि रोज रात्री भांडी घासताना मोठ्याने म्हण. लिहून झाल्या की पाठव, आर्टिकल मी तपासते, ती तू नक्की विसरलेली असशील.